हातचा

दर मार्चला मी सेइनायोकीहून सकाळची गाडी धरते.
खिडकीबाहेर सपाट, पांढरी शेतं,
मध्येच एखादं लाल कोठार, कडीपर्यंत बर्फात.
ताम्पेरेला उतरून चढ चढते, बाही वर करते.
एकोणीस वर्षं झाली.
मला काहीही झालेलं नाही.
तेवढ्यासाठीच ते मला बोलावतात.

राइया माझ्याआधी अकरा मिनिटं.
एकाच वारेवर वाढलो आम्ही,
आईचीसुद्धा गफलत व्हायची अंघोळ घालताना,
म्हणून राइयाच्या मनगटाला लोकरीचा निळा धागा.
चौतिसाव्या वर्षी, दुधाची बादली घेऊन येताना,
तिचा डावा पाय अंगणातच मागे राहिला,
ती पुढे पडली.
मग एक डोळा धुरकटला. मग आजाराला नाव मिळालं.
कारण अजून मिळायचं आहे.

प्रश्नावली चाळीस पानांची.
घरात मांजर होतं का? दूध कच्चं प्यायचात की तापवून?
किती उन्हाळे उघड्या पाठीनं खेळलात?
सोळाव्या वर्षी मानेला गाठी आणणारा ताप
कुणाला, किती दिवस?
लिहिते: दोघींना. तिला तीन आठवडे, मला आठ दिवस.
तिथे पेन अडतं.
त्या तापात मी तिच्या कपातलं उरलेलं प्यायले, की तिनं माझ्या,
हे रकान्यात मावत नाही,
आणि खरं सांगायचं तर मला आठवतही नाही.

यंदा विल्या होती, नवी मुलगी, बोटं बर्फासारखी.
म्हणाली, तुम्हा दोघींच्या गरोदरपणातल्या कुप्या सापडल्या
शीतगृहात, अठ्ठ्याऐंशी सालच्या.
चमचाभरही नाही, तळाशी पिवळसर काहीतरी.
राइयाच्या कुपीत मज्जातंतूंच्या झिजेचा भुसा होता,
मोजता येईल इतका.
तुमच्या कुपीत नव्हता.
पाय मागे राहण्याच्या सात वर्षं आधी.

अठ्ठ्याऐंशी.
त्या उन्हाळ्यात राइया दलदलीत गुडघाभर उतरून
सोनेरी रानबेरी वेचत होती,
पोटात सहा महिन्यांचा यान्ने,
आणि काठावरच्या मला ओरडून सांगत होती, भित्रे, ये की!
रक्त तेव्हाच आतल्या आत बोलत होतं
अशा भाषेत, जी वाचणारी विल्या
अजून जन्मायची होती.

मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर?
तिनं खोटा धीर दिला नाही.
म्हणाली, तेव्हा हाती औषध नव्हतं.
आता थोडं आहे. दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी.
थोडं.

संध्याकाळी राइयाकडे.
सौना कोमटच ठेवायची, कडक उष्ण झाली की
तिचे पाय मेणासारखे होतात.
खालच्या फळीवर तिला टेकवून बसवलं,
आणि सांगितलं सगळं: कुपी, भुसा, सात वर्षं.
दगडांवर पाणी टाकलं ते विझून गेलं.
बराच वेळ ती गप्प.
मग म्हणाली, म्हणजे त्या बेरी मी आजारीपणातच खाल्ल्या तर.
गोड होत्या गं पण.

शाळेत बाई सांगायच्या, हातचा एक कोपऱ्यात लिहा, बारीक.
उत्तरात तो कुठेच दिसत नाही,
विसरलात तर मात्र बेरीज चुकते.
इतकी वर्षं मी तिच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेली आहे,
हे तिला सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.

तिचं लक्ष माझ्या कोपराच्या खळीकडे गेलं.
थरथरत्या बोटांनी तिनं चिकटपट्टी सोलली,
कापूस काढला. खाली निळसर डाग,
लोकरीच्या धाग्याचा असतो तसा.
त्यावर अंगठा ठेवून म्हणाली,
यंदा फारच दुखवलं गं तुला.